एसडी कार्डवरच्या मांडणीचं पेटंट: आधी स्पेसिफिकेशन उघडा

"माझा फॉरमॅट म्हणजे प्रोग्रॅम नाहीच, मग एफईआरमध्ये कलम ३(के) कसं लावलं?" पेटंट ऑफिसच्या पहिल्या तपासणी अहवालाबद्दलचं (एफईआर) आणि नुसत्या कॉम्प्युटर प्रोग्रॅमला पेटंट नाकारणाऱ्या कलमाबद्दलचं हे तुमचं वाक्य वाचून माझी जुनी पेटंटची फाइल आठवली. (मी वकील नाही, एम्बेडेडवाला आहे.)

माझं यंत्र दूध संकलन केंद्रावरचं. भर संकलनात लाइट गेली की कार्डवरची अख्खी फाइल खराब व्हायची. म्हणून प्रत्येक नोंदीला ५१२ बाइटचा स्वतंत्र सेक्टर दिला, शेवटी अनुक्रमांक आणि सीआरसी (नोंद बिघडली का ते ओळखायचा पडताळणी आकडा). लाइट आल्यावर सीआरसी जुळत नाही ती नोंद यंत्र सोडून देतं. गेली तर एकच नोंद जाते, उरलेल्या गवळ्यांचा हिशेब शाबूत.

पेटंट एजंटच्या ऑफिसने क्लेम (नेमक्या कशावर हक्क मागतो ते सांगणारं वाक्य) लिहिला, 'अशा रीतीने माहिती मांडलेलं नोंदमाध्यम'. सगळे क्लेम त्याच वळणाचे, आणि लाइट जाण्याबद्दल स्पेसिफिकेशनमध्ये (अर्जासोबतच्या शोधाच्या वर्णनात) एक ओळ नाही! मी विचारलंही होतं. "ते नंतर घालू की." नाही घालता येत हो. पेटंट कायद्याचं कलम ५९ बघा, मूळ कागदात नसलेलं मागून घुसवता येत नाही. हिअरिंगला पेटंट ऑफिसच्या साहेबांनी नेमकं तेच विचारलं, या मांडणीने यंत्रात काय फरक पडतो? उत्तर तोंडपाठ होतं, कागदावर नव्हतं. फी मात्र ऑफिसने हिअरिंगचीसुद्धा वेगळी लावली. असो.

माझ्या मते 'प्रोग्रॅम नाही' यावर भांडण्यात दम नाही. २०१९च्या फरीद अल्लानी प्रकरणात दिल्ली हायकोर्टाने तांत्रिक परिणामाकडे बघायला सांगितलंय, तिकडून जा. युरोपियन पेटंट ऑफिसच्या अपील मंडळाच्या, फिलिप्सच्या चित्रांच्या डिस्कबद्दलच्या टी ११९४/९७ या निकालाची कसोटी मला फार पटते. डिस्कवरची चित्राच्या ओळींची, सिंक्रोनायझेशनची माहिती पुसली तर यंत्रणाच चालत नाही. नुसती चित्राची पुसली तर यंत्रणा चालते, पडद्यावर मुंग्या दिसतात एवढंच. पहिल्या जातीची मांडणी तांत्रिक. आपल्याकडे हा निकाल बंधनकारक नाही, पण उत्तर रचायला कामी येतो.

आणि हो, उत्तर द्यायचे सहा महिने एफईआर निघाल्याच्या तारखेपासून मोजतात, तुम्ही मेल उघडल्यापासून नाही.

आता तुमच्या मूळ स्पेसिफिकेशनमध्ये, तुमच्या मांडणीमुळे यंत्र काय वेगळं करतं ते कुठे लिहिलंय ते शोधा. दोन ओळी सापडल्या तरी चालतील. सापडल्या की पान क्रमांक इथे टाका, क्लेम कुठे आवळायचे ते बघू.