नाक्यावर गाडी अडवली, आता काय?

गणपती, शिमगा आणि मे महिन्याची सुट्टी आली की मुंबई-गोवा महामार्गावरच्या नाकाबंदीबद्दल पत्रं येऊ लागतात. या वेळी ती दोन्ही बाजूंनी आली आहेत. चालकांची तक्रार पोलिसांच्या अरेरावीची, तर पोलिसांच्या घरच्यांची तक्रार चालक अंगावर येतात याची. त्यातल्या काही प्रश्नांची ही उत्तरं.

चिपळूणहून एक वाचक: घाटाच्या अलीकडे हवालदारांनी स्कूटर अडवली आणि थांबायच्या आत किल्ली काढून घेतली. फौजदाराच्या खालच्या पोलिसाला गाडी अडवताच येत नाही, असं व्हॉट्सअ‍ॅपवर वाचलं होतं. खरं आहे का?

तो निरोप चुकीचा आहे, त्याच्या भरवशावर वाद घालू नका. मोटार वाहन अधिनियम, १९८८ च्या कलम १३० प्रमाणे गणवेशातला कुठलाही पोलीस लायसन्स मागू शकतो, मग तो शिपाई का असेना. फौजदाराच्या दर्जाचा उल्लेख कलम १३२ मध्ये आहे, पण तो अपघातासारख्या प्रसंगी गाडी थांबवून ठेवण्याबाबत. दंडावर जागेवर तडजोड करणं, म्हणजे कोर्टात न जाता दंड घेऊन प्रकरण मिटवणं, ही आणखी वेगळी गोष्ट. कलम २०० खाली तो अधिकार सरकारने अधिसूचनेत नेमलेल्या अधिकाऱ्यांनाच असतो.

किल्लीबाबत मात्र तुमची तक्रार रास्त आहे. किल्ली हिसकावून घ्या, असं या कायद्यातलं एकही कलम सांगत नाही. गाडी ताब्यात घेण्याचा अधिकार कलम २०७ मध्ये आहे आणि त्याची कारणं ठरलेली आहेत: लायसन्स नसताना किंवा वय भरलेलं नसताना चालवणं, नोंदणी नसणं, व्यावसायिक गाडीला परमिट नसणं. दुचाकीवाले पळून जातात म्हणून किल्लीला हात घातला जातो, हे समजू शकतं. पण स्कूटर पूर्ण थांबलेली नसताना तिकडे हात गेला तर हँडल वळतं, आणि उतारावर, त्यात पावसाने रस्ता ओला असेल तर, गाडी मागे बसलेल्या माणसासकट आडवी होते. हे थांबायलाच हवं.

तुमच्या हातात आहे ते असं. इशारा दिसला की डावा इंडिकेटर द्या, पांढऱ्या पट्टीच्या बाहेर या, इंजिन बंद करा आणि किल्ली स्वतःच्या हातात धरा. वळणावर अडवलं तर हात दाखवून दहावीस मीटर पुढे रुंद जागेत थांबा. रात्री कारमध्ये असाल तर आतला दिवा लावा, काच पूर्ण खाली घ्या. एवढं केलं की तुम्ही पळणार अशी शंका राहत नाही. तरीही किल्ली घेतलीच तर खेचाखेच करू नका. कोणत्या कलमाखाली घेतली ते विचारा; नाव, बक्कल नंबर, ठिकाण, वेळ लिहून घ्या आणि जिल्हा पोलीस अधीक्षकांकडे लेखी अर्ज द्या. अर्जाच्या दुसऱ्या प्रतीवर आवक शिक्का घ्यायला विसरू नका. शिक्का नसेल तर पाठपुरावा करताना हातात काहीच राहत नाही.

राजापूरहून: अणुस्कुरा घाटात रेंज नव्हती, डिजिलॉकर उघडलं नाही. आरसीचा मोबाईलमधला फोटो दाखवला तर चालत नाही म्हणाले.

बरोबरच म्हणाले. केंद्रीय मोटार वाहन नियमांतला नियम १३९ हा २०१८ मध्ये बदलला, तेव्हापासून कागद इलेक्ट्रॉनिक स्वरूपात चालतात. पण ते डिजिलॉकर किंवा एमपरिवहन या सरकारी अ‍ॅपमध्ये सरकारी नोंदीतून आलेले हवेत. गॅलरीतला फोटो किंवा झेरॉक्स त्यात धरत नाहीत. कागद जवळ नसतील तर याच नियमाने १५ दिवसांची मुदत मिळते, ती मागा. घाट चढण्याआधी, रेंज असतानाच अ‍ॅप उघडून ठेवा. पण खरा भरवसा मूळ कार्डांचाच. आपल्याकडच्या पावसाळ्यात डिकीतल्या विम्याच्या कागदाला महिनाभरात बुरशी येते, म्हणून जाड प्लॅस्टिकची चेनवाली पिशवी वापरा. पीयूसीची तारीख बघून ठेवा, बहुतेकांची तीच उलटून गेलेली असते.

लायसन्स ठेवून घेतलं तर कलम २०६ प्रमाणे तात्पुरती पोच मिळालीच पाहिजे. ते परत मिळेपर्यंत किंवा पोचेवर लिहिलेल्या तारखेपर्यंत, यातलं जे आधी येईल तोवर, त्या पोचेवर गाडी चालवता येते.

मालवणहून एक रिक्षाचालक: रोख दे नाहीतर मोठं चलान करतो, असं सांगितलं गेलं. मी पैसे दिले. पावती नाही.

पावतीशिवाय दिलेला रुपया दंडात जमा होत नाही, ती लाच होते. भ्रष्टाचार प्रतिबंधक कायद्यातल्या २०१८ च्या दुरुस्तीपासून लाच देणाराही गुन्हेगार ठरतो. मात्र जबरदस्तीने द्यावी लागली असेल आणि सात दिवसांच्या आत तपास यंत्रणेला कळवलं, तर देणाऱ्याला संरक्षण आहे. म्हणून आजच १०६४ या लाचलुचपत प्रतिबंधक विभागाच्या क्रमांकावर फोन करा. पुढच्या वेळी पैसे देण्याआधीच फोन करा, कारण सापळा मागणी झाल्यावर लावता येतो, पैसे गेल्यावर नाही.

चूक झाली असेल तर सरळ सांगा, "चलान करा." मग महाट्रॅफिक या वाहतूक पोलिसांच्या संकेतस्थळावर गाडीचा नंबर आणि चासीचे शेवटचे चार आकडे टाकून ते चढलंय का बघा. रिक्षा जुनी घेतलेली असेल तर आरसीवर आधीच्या मालकाचा मोबाईल नंबर राहिलेला असतो, मेसेज त्याला जातात आणि थकबाकी तुमच्या नावावर साचत जाते. तो नंबर आधी बदलून घ्या. चलानातला फोटो उघडून नंबरप्लेट, ठिकाण आणि वेळ जुळते का तेही बघा.

दापोलीहून: दारू प्यायली आहे का बघणाऱ्या श्वासाच्या चाचणीला नकार देता येतो का?

नकार देऊन काही साधत नाही, उलट अटक होऊ शकते. यंत्राची नळी नवी लावायला सांगा, तो आग्रह योग्य आहे. मर्यादा १०० मिलिलिटर रक्तात ३० मिलिग्रॅम अल्कोहोलची. दारू पिऊन गाडी चालवण्याच्या गुन्ह्यात जागेवर तडजोड नसते, प्रकरण कोर्टातच जातं; म्हणून "इथेच मिटवू" म्हणणाऱ्यापासून सावध राहा. अटक झाली तर दोन तासांच्या आत वैद्यकीय तपासणी व्हावी लागते, नाहीतर सोडावं लागतं.

खेडहून एका पोलिसाची पत्नी: गणपतीच्या बंदोबस्तात हे सोळा सोळा तास रस्त्यावर उभे असतात. लोक मोबाईल तोंडासमोर धरून अंगावर येतात. यावर काहीच नाही का?

आहे. रस्त्यावर चाललेली कारवाई चित्रित करणं हा गुन्हा नाही. २०२२ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने तर पोलीस ठाण्यातलं चित्रीकरणही शासकीय गुपिते अधिनियमाखाली गुन्हा ठरत नाही, असं म्हटलं. पण कॉलर धरणं, हात झटकणं, धक्का देणं याला भारतीय न्याय संहितेचं कलम १३२ लागतं आणि त्यात कैद होऊ शकते. चित्रीकरण करणाऱ्याने दोन हात लांब, बाजूला उभं राहावं. गाडी चालवणाऱ्याऐवजी सोबतच्याने मोबाईल धरावा. तुमच्या यजमानांना सांगा, मोबाईल हिसकावू नका. ठरलेली तीन वाक्यं स्पष्ट बोला: गाडी का थांबवली, कोणतं कलम, चलान किती. व्हिडिओत तेवढंच आलं तर तो त्यांच्याच बाजूचा पुरावा होतो. चलानाचा फोटोही खात्याच्या मशीनवरच काढायचा. खासगी मोबाईलवर काढू नये, असे वरिष्ठ कार्यालयाचे आदेश २०२५ मध्ये निघाले आहेत.