नाकातले पॉलिप आणि सर्दीचे विषाणू

प्रश्न : माझ्या दोन्ही नाकपुड्यांत पॉलिप (अस्तराचे मऊ, लोंबते फुगवटे) आहेत. एरवी स्टिरॉइडच्या स्प्रेवर बरं असतं. पण साधी सर्दी झाली की पुढे कितीतरी दिवस नाक चोंदलेलं राहतं आणि वासही येत नाही. पॉलिप विषाणूंमुळेच होतात का? विषाणूविरोधी औषधाने ते जातील का?

उत्तर : सर्दीनंतर त्रास वाढतो, हे तुमचं निरीक्षण अगदी बरोबर आहे. मात्र पॉलिप विषाणूमुळेच झाले, असं त्यावरून म्हणता येत नाही. दोन्ही बाजूंचे पॉलिप बहुधा डोळ्यांच्या मधोमध असलेल्या इथमॉइड सायनसच्या (हवेच्या पोकळ्यांच्या) अस्तरातून लोंबतात. मूळ आजार त्या अस्तराच्या दीर्घकाळ चाललेल्या दाहाचा. पुष्कळ रुग्णांत तिथे इओसिनोफिल या पांढऱ्या रक्तपेशी जमतात आणि इंटरल्यूकिन-४, ५ व १३ ही रसायनं दाह धगधगत ठेवतात.

विषाणू यात तेल ओततो. सर्दीच्या ऱ्हायनोव्हायरसचे दीडशेहून अधिक प्रकार आहेत. संसर्गाने अस्तराच्या पेशींमधले सांधे सैल होतात, शेंबूड पुढे ढकलणारे सूक्ष्म रोम मंदावतात आणि दुखावलेल्या पेशी टीएसएलपी व इंटरल्यूकिन-३३ बाहेर टाकतात. ही दोन्ही रसायनं नेमका इओसिनोफिलचाच दाह चेतवतात. सैल झालेल्या अस्तरात स्टॅफिलोकॉकस ऑरियस जिवाणूलाही शिरकाव सोपा होतो, आणि त्याची विषं एकाच वेळी प्रतिकारशक्तीच्या असंख्य टी-पेशींना डिवचतात.

मग पॉलिपमध्ये विषाणू सापडल्याच्या बातम्यांचं काय? पीसीआर चाचणीत काही अभ्यासांना तो निरोगी अस्तरापेक्षा जास्त वेळा आढळला, काहींना फरक दिसला नाही. ही चाचणी विषाणूचा जनुकीय अंश दाखवते. सर्दी बरी झाल्यावरही तो काही आठवडे सापडू शकतो, आणि कसलाच त्रास नसलेल्यांतही. एपस्टाइन-बार विषाणू तर एकदा शिरला की बी-पेशींत (याही प्रतिकारशक्तीच्याच पेशी) जन्मभर राहतो. पॉलिपमध्ये बी-पेशी असतातच, त्यामुळे तो तिथे दिसल्याने कारण सिद्ध होत नाही.

म्हणून विषाणूविरोधी औषधाने पॉलिप आटत नाहीत. सर्दीत अँटिबायोटिकचाही उपयोग नाही. खरी चूक होते ती वेगळीच: नाक बंद म्हणून लोक स्प्रे थांबवतात, म्हणजे दाह भडकलेला असतानाच त्याचं औषध बंद होतं. तसं करू नका. आधी नाक धुवा, दहा मिनिटांनी स्प्रे घ्या.

धुण्यासाठी अर्धा लिटर पाणी किमान एक मिनिट खळखळून उकळून कोमट होऊ द्या. त्यात साडेचार ग्रॅम मीठ (५ मिलीचा सपाट पाऊण चमचा) आणि चिमूटभर खाण्याचा सोडा घाला. मीठ फार कमी झालं तरी झोंबतं, फार जास्त झालं तरी. न उकळलेलं नळाचं पाणी कधीच नको. नेग्लेरिया या पाण्यातल्या अमीबाचा संसर्ग दुर्मीळ असला तरी प्राणघातक असतो.

स्प्रे घेताना मान किंचित पुढे झुकवा, उजव्या नाकपुडीसाठी डावा हात वापरा आणि टोक डोळ्याच्या बाहेरच्या कोपऱ्याकडे वळवा. फवारा मधल्या पडद्यावर बसला की तो सुकून रक्त येतं. जोरात हुंगलात तर औषध घशात जातं. नाक मोकळं करणारे ऑक्सिमेटाझोलीन किंवा झायलोमेटाझोलीनचे थेंब पाच दिवसांपलीकडे नकोत, नाहीतर त्यांच्यामुळेच नाक बंद व्हायला लागतं.

आणखी एक, फार महत्त्वाचं. पॉलिपसोबत दमा असेल तर सर्दी-तापात अॅस्पिरिन किंवा आयबुप्रोफेन मनाने घेऊ नका. काहींना त्याने दम्याचा तीव्र झटका येतो.

दहा दिवसांत उतार नाही किंवा पाचव्या दिवसानंतर त्रास उलट वाढला, तर डॉक्टरांना दाखवा. डोळ्याभोवती सूज, एकाच्या दोन वस्तू दिसणं किंवा तापासोबत असह्य डोकेदुखी असेल तर त्याच दिवशी.

प्रश्न : वडिलांच्या एकाच नाकपुडीत गाठ आहे, अधूनमधून रक्त येतं. एचपीव्ही (ह्यूमन पॅपिलोमा) विषाणूने पॉलिप होतो असं ऐकलं. खरं का?

उत्तर : एचपीव्हीचा संबंध जोडला जातो तो इन्व्हर्टेड पॅपिलोमाशी. दिसायला तो पॉलिपसारखा असू शकतो, पण गाठ वेगळी. ती साधारणतः एकाच बाजूला असते, पूर्ण काढली नाही तर पुन्हा येते आणि काहींत तिचा कर्करोग होतो. त्यामुळे स्प्रेवर महिने घालवू नका. कान-नाक-घसा तज्ज्ञांकडून दुर्बिणीने तपासणी, सीटी स्कॅन आणि त्यानंतर बायोप्सी, याच क्रमाने पुढे जा. स्कॅनआधी तुकडा काढणं टाळतात, कारण क्वचित ती गाठ रक्तवाहिन्यांची किंवा मेंदूच्या आवरणातून खाली उतरलेली असू शकते.