ऑनलाइन मिळणारे आठ पैलूंचे फ्लोराइट क्रिस्टल खरे असतात का? कलेक्शन सुरू करायचंय, पहिला पीस काय बघून घेऊ?

दगड खराच असतो, फ्लोराइट नावाचं खनिजच असतं ते, पण तो आकार बहुतेक वेळा माणसाने काढलेला असतो. फ्लोराइट चार ठराविक दिशांना अगदी सरळ फुटतं, त्यामुळे मोठ्या तुकड्याचे त्या रेषेत टवके काढत गेलं की शेवटी हातात अष्टफलक, म्हणजे आठ पैलूंचा तुकडा उरतो. विकणारा तसं सांगत असेल तर बिनधास्त घ्या, क्लीव्हेज (खनिजाचं असं ठराविक दिशांना सरळ फुटणं) समजून घ्यायला यासारखा पीस नाही, पण 'नैसर्गिक क्रिस्टल' म्हणून भाव लावला असेल तर आधी उजेडात तिरका धरून बघा. फोडलेला पैलू चकचकीत असतो आणि त्यावर बारीक पायऱ्या दिसतात, आणि रंगाचे पट्टे असतील तर ते पैलूला समांतर न जाता भलत्याच कोनात कापलेले दिसतात, कारण मूळ क्रिस्टल बहुधा घन (क्यूब) होता आणि पट्टे घनाच्या बाजूंना धरून बनले होते. जमिनीतच अष्टफलक म्हणून वाढलेले पीसही असतात, आल्प्समधले शामोनीचे गुलाबी तर प्रसिद्धच आहेत, पण त्यांचे पैलू बऱ्याचदा मॅट असतात.

पहिला पीस मी तरी घनच घ्या म्हणेन, आणि रंगाच्या आधी कोपरे बघा! घनाचा कोपरा जरा कुठे आपटला की तिथे छोटासा चमकदार त्रिकोण तयार होतो, इतका सफाईदार की नवीन माणसाला तो पैलूच वाटतो. विक्रेत्याचे फोटो नेहमी चांगल्या बाजूचे असतात, तेव्हा फिरवून काढलेला व्हिडिओ मागा आणि मागून लाइट टाकलेला एक फोटो मागा. त्या दुसऱ्या फोटोत खरी मजा असते, अमेरिकेतल्या इलिनॉयच्या केव्ह-इन-रॉक भागातल्या पिवळ्या घनांमध्ये जांभळे थर दिसतात, म्हणजे क्रिस्टल वाढताना भोवतालचं पाणी कसकसं बदलत गेलं ते थरांत राहिलेलं असतं. वरवर काळपट वाटणारा पीस मागून उजेड टाकला की एकदम उलगडतो, असे पीस लोक सोडून देतात, ते माझ्यासारख्यांच्या फायद्याचं :)

यूव्ही (अतिनील) टॉर्चखाली चमकला नाही म्हणून खोटा असं काही नाही हं. निळसर चमक बहुतेक करून आत अडकलेल्या युरोपियम या मूलद्रव्यामुळे येते, ते सगळ्या खाणींत सारखं नसतं. इंग्लंडमधल्या वेअरडेलच्या रॉजर्ली खाणीचं हिरवं फ्लोराइट तर नुसतं उन्हात नेलं तरी निळं दिसतं, पण कायमचं उन्हात ठेवू नका, काही फ्लोराइटचे रंग उन्हाने फिके पडतात आणि हे त्यातलंच.

फ्लोराइटचा कडकपणा मोह्स स्केलवर (खनिजांचा कडकपणा मोजायची १ ते १० ची पट्टी) फक्त ४, क्वार्ट्झचा ७, त्यामुळे दोन्ही एका डब्यात खडखडत ठेवले की वाट कुणाची लागणार ते कळलंच असेल. धुवायला साधं पाणी, सौम्य साबण, मऊ ब्रश. गरम पाणी नको, अल्ट्रासॉनिक क्लीनर तर मुळीच नको, तडा जातो. गंजाचे डाग काढायला लोक ॲसिड सुचवतात, पण सल्फ्युरिकसारखं जोरदार ॲसिड फ्लोराइटवर पडलं की हायड्रोफ्लुओरिक ॲसिड तयार होतं आणि ते फार वाईट प्रकरण आहे, त्यापेक्षा डाग राहू द्या.

आणि लेबल. 'चायना' एवढंच लिहिलेलं लेबल म्हणजे काहीच नाही, खाण आणि प्रांत पाहिजे, जसं याओगांगशियान, हुनान. नंतर तुमच्याकडून घेणारा पहिला प्रश्न तोच विचारतो. मिळालेली जुनी चिठ्ठी कितीही फाटकी असली तरी फेकू नका, पिसाच्या खालच्या बाजूला छोटा नंबर चिकटवा आणि तोच नंबर चिठ्ठीवर टाका.