‘स्तॉफझाउखन’चा भूतकाळ वेगळा का?

प्रश्न असा आहे: डचमध्ये ‘झाउखन’ म्हणजे शोषणे. त्याचा भूतकाळ ‘झोख’, आणि ‘शोषलेलं’ला ‘खझोखन’. मग ‘स्तॉफझाउखन’ (व्हॅक्यूम क्लीनर फिरवणे) याचं ‘खस्तॉफझाउख्त’ कसं होतं? ‘खझोखन’ कुठे गेलं?

गंमत अशी की हे क्रियापद थेट ‘झाउखन’पासून झालेलंच नाही. आधी आलं यंत्र. 1901 मध्ये ह्यूबर्ट बूथने लंडनमध्ये धूळ ओढून घेणारं यंत्र काढलं. पुढे अशी यंत्रं डच घरांत शिरली आणि त्यांना नाव पडलं ‘स्तॉफझाउखर’, म्हणजे धूळशोषक. क्रियापद या नामावरून घडलं. नामावरून घडलेल्या क्रियापदाला मूळ धातूच्या जुन्या खोडी चिकटत नाहीत, ते सरळ नियमाने चालतं. आपल्याकडे नाही का, घेणे-घेतला, खाणे-खाल्ला अशी वाकडी वळणं जुन्या धातूंची. ‘डोकं’वरून आलेलं ‘डोकावणे’ मात्र निमूटपणे ‘डोकावला’ होतं.

पुरावा वाक्यातच आहे. शोषली जाते धूळ, पण डच माणूस म्हणतो, ‘इक स्तॉफझाउख दे कामर’. कर्म आहे ‘कामर’, म्हणजे खोली! ‘स्तॉफ’ला धूळ म्हणून स्वतंत्र अस्तित्व उरलेलं नाही, म्हणून तो सुटतही नाही. याउलट ‘आदमहालन’ (श्वास घेणे) बघा: ‘इक हाल आदम’, दोन तुकडे अलग. तिथे भूतकाळवाचक ‘ख’ मधोमध बसतो, ‘आदमखहाल्त’. इथे तो अगदी पुढे.

शिल्पकाराचंही तेच. ‘हाउवन’ (घाव घालणे) याचा भूतकाळ ‘हीव’, पण मूर्ती घडवणाऱ्या ‘बेल्तहाउवर’वरून आलेलं क्रियापद ‘बेल्तहाउव्द’ होतं.

‘स्तॉफ’बद्दल एक जाता जाता. धूळ या अर्थाचा ‘हेत स्तॉफ’ हा ‘स्ताउवन’ (धुरळा उडणे) या क्रियापदाचा सख्खा नातेवाईक. कापड या अर्थाचा ‘दे स्तॉफ’ मात्र फ्रेंचमधून आला. उच्चार एकच, फरक फक्त आधीच्या उपपदात.

आणि हो, घाईत डच लोक नुसतंच ‘झाउखन’ म्हणतात, ‘वरची खोली झाली शोषून’ अशा थाटात. तिथे मात्र तुमचं ‘खझोखन’ बिनधास्त वापरा.