क्वार्टर हॉर्समधलं ‘क्वार्टर’ आणि ड्रॅग रेसचं पाव मैल एकच का?

हो, अंतर एकच: पाव मैल, म्हणजे साधारण ४०२ मीटर. क्वार्टर हॉर्स ही अमेरिकेतली घोड्यांची एक जात, तर ड्रॅग रेस म्हणजे सरळ ट्रॅकवर जागेवरून सुटणाऱ्या गाड्यांची शर्यत. ब्रिटिश वसाहतीच्या काळात व्हर्जिनियात सरळ रस्त्यावर एवढ्याच अंतराच्या घोड्यांच्या शर्यती लागत. नाव त्यावरूनच पडलं. या घोड्याचे पुठ्ठे बघा, मांसाने गच्च भरलेले! गेट उघडताच मागच्या पायांचा असा रेटा बसतो की पहिल्या काही ढांगांतच तो सुसाट सुटतो. ड्रॅगमध्येही सगळा खेळ सुटण्याचाच, म्हणून ही तुलना मला अगदी चपखल वाटते. लांब पल्ल्याला मात्र थरोब्रेड ही शर्यतीच्या घोड्यांची जातच सरस. आणि एक लक्षात ठेवा: अमेरिकेतल्या एनएचआरए या ड्रॅग रेसिंग संघटनेच्या टॉप फ्युएल, म्हणजे सर्वांत वेगवान वर्गातल्या गाड्या २००८पासून सुरक्षेसाठी पाव मैल नव्हे, १००० फूटच धावतात.