४९० किलोमीटर रेंजची इलेक्ट्रिक गाडी ठाण्याहून गुहागरला एका चार्जमध्ये पोचेल का?

तुम्ही राहता ठाण्यात, घर गुहागरला, अंतर साधारण २८० किलोमीटर. शोरूमवाला ४९० ची रेंज सांगतोय, बॅटरी ४५ युनिटांची. मध्ये न थांबता पोचू का, आणि रस्त्यात चार्ज संपला तर काय, असं विचारलंय तुम्ही.

पोचाल बहुतेक. पण चिपळूण सोडल्यावर नजर रस्त्यावर कमी आणि टक्क्यांवर जास्त राहील. घरची माणसं गाडीत असताना हा उद्योग करू नका. महाडच्या आसपास चार्जर बघून अर्धा तास थांबा, चहा-मिसळ होते तेवढ्यात. गुहागरसाठी खरं तर एवढंच उत्तर पुरे आहे. पुढचं लिहितोय ते माझं स्वतःचं घाबरून झालंय म्हणून.

माझी गाडी ४०.५ युनिटांची (किलोवॅट-तास म्हणजे आपल्या लाईटबिलातलंच युनिट), कागदावर ४३७ किलोमीटर. डोंबिवली ते देवगड तालुक्यातलं आमचं घर साडेचारशेच्या आसपास. गणपती, शिमगा, मे महिना, सगळं याच गाडीने. रेंजचा आकडा विसरा आणि युनिटला किती किलोमीटर पडतात ते बघा. कागदाप्रमाणे मला पावणेअकरा पडायला हवेत. हायवेला ७५-८०ने चालवली तर सात पडतात, शंभरने हाणली तर सहा. कंपनी अगदीच खोटं बोलत नाही. कागदावरचा आकडा ज्या चाचणीतून येतो ती बंद खोलीत रोलरवर होते, एसी बंद, सरासरी वेग तीसेकचा आणि जास्तीत जास्त ९०. तसं नागोठण्यापर्यंत कोण जातं? त्यात हवेचा विरोध वेगाच्या वर्गाने वाढतो. ८० वरून १०० वर गेलात की तो दीडपटीहून जास्त होतो. रेंज खरी तिथे जाते.

लोक घाबरतात ते भलत्याच दोन गोष्टींना, घाट आणि ट्रॅफिक. माणसं आणि सामान धरून पावणेदोन टनांची गाडी २०० मीटर वर चढवायला जेमतेम एक युनिट लागतं आणि उतारावर त्यातलं निम्म्याहून जास्त परत येतं. आमच्याकडे रस्ता सड्यावरून (म्हणजे वरच्या कातळाच्या पठारावरून) खाडीत आणि खाडीतून सड्यावर असाच आहे, तरी सरासरी फारशी हलत नाही. फक्त वर डोंगरावर शंभर टक्के चार्ज करून लगेच उतरू नका, बॅटरीत जागा नसली की परत येणारी वीज घेता येत नाही. आणि माणगावच्या ट्रॅफिकमध्ये उभ्या गाडीत एसी तासाला एखादं युनिट खातो. चार तास अडकलात तरी दहा टक्के. उलट पुढे गाड्या संथ चालल्या की तुमची रेंज वाढते! गणपतीत खरा वैताग चार्जरवरच्या रांगेचा असतो. मी त्या दिवसांत रात्री निघतो, पहाटे तीनला रांग नसते.

आता माझी फजिती. पहिल्याच मे महिन्यात सगळा हिशोब एका चार्जरवर बांधला होता, राजापूरच्या अलीकडचा. १७ टक्क्यांवर पोचलो. अ‍ॅपवर हिरवं, मशीनचा दिवा हिरवा, गन लावली की मशीन दोन मिनिटं विचार करणार आणि 'पुन्हा प्रयत्न करा'. चार वेळा केलं. फोन लावला तर बाई म्हणाली, तक्रार नोंदवलीय. पुढचा चार्जर ३५ किलोमीटरवर. एसी बंद, काचा खाली, वेग ५०, मागून प्रत्येक ट्रक हॉर्न मारून जातोय. बायको माझ्याशी बोलत नव्हती. आई मागून एकदाच बोलली, "एसटीन इलो असतो तर एव्हाना घराक पोचलो असतो." सहा टक्क्यांवर पोचलो. त्या दिवसापासून नियम असा की ज्या चार्जरवर थांबायचं, त्याच्या पुढच्या चार्जरपर्यंत जाईल एवढं शिल्लक असतानाच तिथे पोचायचं. अ‍ॅपवरचा हिरवा ठिपका बघायचा नाही, त्याखाली आज कोणी गाडी चार्ज केली का ते बघायचं. स्क्रीनवरचे उरलेले किलोमीटरही बघू नका, मघाच्या वेगावरून तो अंदाज मारतो. टक्के मोजा. मला एका टक्क्याला २.७ किलोमीटर पडतात, तुम्हाला तीनच्या जवळ पडतील.

घरी पोचल्यावर दुसरा अंक सुरू झाला. पडवीत १५ अँपिअरचा सॉकेट होता, पूर्वी पंपासाठी घेतलेला. गाडीबरोबर आलेला चार्जर लावला तर लाल दिवा. सकाळी वायरमन आला. त्याने फेज आणि अर्थिंगमध्ये शंभरचा बल्ब धरला, तर तो देवापुढच्या समईसारखा मिणमिणला. अर्थिंग नावालाच होतं. आमचं घर कातळावर, खाली सगळा जांभा, उन्हाळ्यात तो असा कोरडा पडतो की जमिनीत वीज जायला वाट नसते, आणि अर्थिंग धड नसेल तर गाडी चार्ज घेतच नाही. शेवटी न्हाणीचं पाणी जिथे केळींना जातं तिथे खड्डा मारला, कोळसा-मीठ घालून पाईप पुरला. दुपारी गाडीने चार्ज घेतला. मे महिन्यात अजूनही त्या पाईपावर रोज एक कळशी ओतावी लागते.

संध्याकाळी सगळे पंप आणि फ्रिज चालू असताना व्होल्टेज १८०-१९० वर येतं, तेव्हा चार्जिंगही मंदावतं. तरी ३० टक्क्यांवर पोचून रात्री जेवताना लावली की सकाळी उठून चहा-आंघोळ होईपर्यंत भरते. म्हणून गाडीचा रंग निवडायच्या आधी गुहागरच्या घरी वायरमनला पाठवा. १५ अँपिअरचा स्वतंत्र सॉकेट, मीटरपासून जाड वायर, आणि अर्थिंग. एक्स्टेंशन बोर्डावर अजिबात नको, प्लग वितळलेला पाहिलाय मी. पाहुणे म्हणून दुसऱ्याकडे लावलीत तर लाईटबिलाचे पैसे न विचारता द्या, २५-३० युनिटं म्हणजे मोबाईल चार्ज केल्यासारखं नाही.

राहिला पाऊस. ओल्या रस्त्यावर सरासरी थोडी पडते, वायपर-दिव्यांनी काही होत नाही. पण लाईट जाते. मे २०२१च्या तौक्ते वादळानंतर आमच्या बाजूला कितीतरी वाड्या दिवसेंदिवस अंधारात होत्या. तेव्हा ही गाडी नव्हती, पण ते डोक्यात बसलंय. इन्व्हर्टरवर गाडी चार्ज होत नाही. त्यामुळे जून लागला की मी घरी पोचल्यावर पाय धुवायच्या आधी प्लग लावतो, लाईट आहे तोवर.