टंडिशच्या गणितात राहून गेलेली उष्णता

अनेक आशीर्वाद.

तुझे पत्र आणि टंडिशमधील, म्हणजे वितळलेले पोलाद साच्यात जाण्यापूर्वी ज्या मधल्या भांड्यातून जाते त्यातील, प्रवाहाच्या आकृत्या मिळाल्या. पाण्याच्या प्रतिकृतीत क्षाराचे द्रावण टाकून मोजलेला, बाहेर पडणाऱ्या क्षाराचा आलेख आणि संगणकाने काढलेला आलेख एकमेकांवर बसले, म्हणून गणित सिद्ध झाले, असे तू लिहिले आहेस. माझा आक्षेप नेमका याच वाक्याला आहे.

पाणी आपण केवळ पारदर्शक म्हणून निवडत नाही. 1600 अंश सेल्सिअसच्या पोलादाची श्यानता (वाहण्याला होणारा आतला विरोध) पाण्याच्या सुमारे सहापट असते, पण घनताही सातपट असते. त्यामुळे दोहोंचे गुणोत्तर पाण्याच्या जवळ येते, आणि गुरुत्व व जडत्व यांचा तोल राखला की प्रवाहाची ठेवण बरीचशी तीच मिळते. एक-तृतीयांश प्रतिकृतीत त्यासाठी प्रवाहदर साडेपंधरा पटींनी कमी ठेवलास, तो हिशेब बरोबर आहे. मात्र पाणी सगळीकडे एकाच तापमानाचे होते आणि गणितातही उष्णतेचे समीकरण नाही. दोन्ही साक्षीदारांनी एकच गोष्ट वगळली, तर जबान्या जुळणारच.

वगळलेली गोष्ट लहानही नाही. पोलादाची घनता दर अंशामागे साधारण दहा हजारांत एका भागाने घटते, हे ऐकायला नगण्य वाटते. पण खोली 1 मीटर, तापमानातील फरक 10 अंश आणि वेग सेकंदाला 5 सेंटिमीटर धरून उत्प्लावनाचे (घनतेतील फरकामुळे वर-खाली ढकलणाऱ्या बलाचे) जडत्वाशी गुणोत्तर काढ, ते 4 च्या आसपास येईल. लेडल, म्हणजे टंडिशमध्ये पोलाद ओतणारे भांडे, रिकामे होत आले की त्यातून येणारी धार टंडिशमधल्या धातूपेक्षा थंड असू शकते. ती तळालगत सरपटत थेट नोझल, म्हणजे बाहेर पडण्याचे तोंड, गाठते, आणि अशुद्धीचे जे कण वर तरंगून स्लॅगमध्ये (वरच्या मळीच्या थरात) जायला हवेत, त्यांना तेवढा अवधीच मिळत नाही.

आलेखाचे शिखर जुळवण्यासाठी गणितातले टर्ब्युलन्सचे (खळबळत्या प्रवाहाचे) स्थिरांक थोडे हलवल्याचे तू प्रामाणिकपणे कळवलेस, हे बरे केलेस. दोष बहुधा तिथे नव्हताच. आम्हीही एकदा पोटॅशियम क्लोराइडचे तीव्र द्रावण वापरून असेच फसलो होतो. त्यात रंग मिसळून पाहिल्यावर जांभळा पट्टा धारेतून सुटून तळाला चिकटत निघालेला दिसला. मोजण्यासाठी टाकलेल्या क्षारानेच प्रवाह बदलला होता.

तेव्हा स्थिरांक मूळ जागी ने, द्रावण पातळ कर, आणि आत येणारी धार 10 अंशांनी थंड धरून उष्णतेसह गणित पुन्हा चालव. मला रंगीत चित्रे नकोत. नोझलमधून जाणाऱ्या उभ्या छेदावरील वेगाचे बाण पाठव, तळाजवळच्या गणिताच्या जाळीसह.